सतरा कॅन पाणी

१

कॅन भरलेले होते की रिकामे?

बारक्याने हा प्रश्न सगळ्यांना विचारून पाहिला. पहिल्यांदा विचारला तो धक्क्यावर बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या मेस्त्रीला, कारण दादाची स्कूटर सगळ्यात आधी त्यालाच दिसली होती. पायऱ्यांच्या तोंडाशी, स्टँडवर नीट लावलेली, किल्ली तशीच. बाजूला चार कॅन ओळीने. मेस्त्री म्हणाला, अरे, माणूस गेला आणि तू कॅनचं काय विचारतोस. चौकीवरच्या हवालदाराने वही उघडून बघितली. तिच्यात नुसतं ‘कॅन, चार’ लिहिलं होतं. वहिनीला विचारलं तेव्हा ती उठून आत गेली. कॅन घरी आले ते रिकामे, पण मधे ते किती हातांतून गेले होते कोण जाणे.

लोकांना प्रश्न खुळचट वाटायचा. बारक्याला त्याच्याशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. रिकामे असतील तर दादा पाणी भरायला वाकला आणि पाय घसरला. असं होतं. पण भरलेले असतील, तर काम संपलं होतं, झाकणं लावून झाली होती. मग तो परत पायऱ्या उतरून पाण्यात कशाला गेला?

दादाचं माशांचं दुकान होतं. खायच्या नव्हे, बघायच्या. काचा कापून टाक्या तो स्वतः जोडायचा. गोड्या पाण्याच्या टाकीला नळ पुरतो. खाऱ्या पाण्याच्या टाकीला मात्र दोनच वाटा: एक तर बादलीत मिळणारं तयार मीठ नळाच्या पाण्यात कालवायचं, नाहीतर सरळ समुद्रातून पाणी आणायचं. बाकीचे दुकानदार मीठ कालवायचे. दादा स्कूटर काढायचा. गिऱ्हाइकाने कारण विचारलं की तो काउंटरवर पाय हलवत बसलेल्या धाकट्या भावाकडे हनुवटी उडवायचा. म्हणायचा, मिठाचं पाणी म्हणजे पहिला नंबर काढणारा मुलगा, सगळं पाठ, सगळं मापात. आणि समुद्राचं पाणी म्हणजे हा आमचा बारक्या. एक दिवस वर्गात धड बसला नाही, पण याला पोहायला कुणी शिकवावं लागलं नाही. गिऱ्हाईक हसायचं, बारक्या चिडल्याचं सोंग करायचा.

शाळा त्याने सातवीत सोडली. पुरी केली ती एकच शाळा, धक्क्याच्या पायऱ्यांची. भरती अर्ध्यावर गेल्याशिवाय कॅन बुडवायचा नाही, कारण ओहोटीचं पाणी खाडीची घाण घेऊन येतं. पाऊस पडून गेला की चार दिवस तिकडे फिरकायचं नाही. तिसऱ्या पायरीच्या खाली पाऊल टाकायचं नाही. आणि एकट्याने कधीच जायचं नाही: एक जण खाली वाकणार, त्याच्या कमरेला दोरी, दुसरा वर बसून ती धरणार.

त्या सकाळी दादाने दोन हाका मारल्या होत्या. बारक्या पांघरुणातून म्हणाला होता, पाच मिनिटं.

दोरी दुकानातच खिळ्याला राहिली. दादा आठ दिवस शोधूनही मिळाला नाही.

२

आयुष्यभर लोकांच्या दिवाणखान्यांत समुद्र उभे केले, पण दादाच्या स्वतःच्या घरात एक मासा नव्हता. वहिनी म्हणायची, आम्हाला मासे बघायचे तर गिऱ्हाईक व्हावं लागतं. शेवटी त्याने स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामधली भिंत कमरेच्या उंचीवर फोडली आणि तिथे टाकी बसवली. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट खोल, दोन्ही बाजूंनी काच. ओट्याशी उभं राहून वहिनीला आरपार दिसावं, टिचकी अभ्यास करते की नुसती पेन्सिल चावते ते कळावं, अशी योजना होती. टिचकी म्हणजे दादाची मुलगी, सहा वर्षांची. दुकानातल्या प्रत्येक काचेवर टिचक्या मारून माशांना उठवायची, म्हणून दादाने तिचं ते नाव पाडलं.

वाळू पडली, दगड रचून झाले, पंप लागला. पाणी तेवढं राहिलं होतं. ते आणायलाच दादा त्या सकाळी निघाला होता.

चार महिने टाकी कोरडी राहिली. मग एका रविवारी वहिनी म्हणाली, की एक तर ती भर, नाहीतर हातोडा घे आणि फोड. कोरडी मला बघवत नाही. बारक्या म्हणाला, भरतो.

‘‘मिठाची बादली आण,’’ वहिनी म्हणाली. ‘‘समुद्राचा थेंबसुद्धा या घरात नको. घे शपथ.’’

बारक्याने शपथ घेतली, तिच्या डोळ्यांत बघून घेतली, आणि घेतानाच त्याला कळत होतं की आपण ती पाळणार नाही. तसं त्याने ठरवलं वगैरे नव्हतं. बारक्या कधी काही ठरवायचा नाही, त्याचे पाय आधी निघायचे आणि डोकं मागून धापा टाकत यायचं. त्याच्या मनात एवढंच होतं की दादा त्या पाण्यात आहे. मिळाला नाही, म्हणजे तिथेच आहे. सगळ्या पाण्यात थोडा थोडा, चहात साखर असते तसा. मग त्याने स्वतःच्या हाताने जोडलेल्या टाकीत कुठल्यातरी बादलीतलं परकं मीठ कशाला?

३

वहिनी शिवणकामाच्या कारखान्यात गेली, टिचकी शाळेत. बारक्याने मिठाची बादली आणून स्वयंपाकघरात दिसेल अशी ठेवली, आतलं मीठ मोरीत सोडून दिलं, आणि दादाच्या स्कूटरवर दादाचेच चार कॅन लावून धक्का गाठला. वर बसायला कुणी नव्हतं, म्हणून दोरीचं दुसरं टोक त्याने लोखंडी कडीला बांधलं. मेस्त्री हातातला पाना तसाच धरून बघत राहिला.

पाणी नेहमीसारखंच होतं. गार, हिरवट, गुडगुड करत कॅनच्या तोंडातून आत शिरणारं. बारक्याला वाटलं होतं की काहीतरी होईल, छातीत काही हलेल. तसं काही झालं नाही. कॅन मात्र जड लागले, आणि त्याने स्वतःलाच दोन शिव्या हासडल्या, की चार महिने नुसता लोळलास, दंड गेले तुझे.

एकूण सतरा कॅन लागले. दादा असं पाणी बंद पिंपात, अंधारात, पंधरा दिवस ठेवायचा. आतले बारीक जीव मरायचे, गाळ तळाशी बसायचा, मग वरचं निवळ तेवढं टाकीत. बारक्याने ते दुकानातल्या पिंपांत भरून ठेवलं खरं, पण पंधरा दिवस त्याला धरवेना. चौथ्याच दिवशी त्याने ते दुसऱ्या मजल्यावर घरी नेऊन ओतलं, आणि चढवता चढवता कंबर कामातून गेली.

संध्याकाळी वहिनी आली तेव्हा पंप गुणगुणत होता आणि दिव्याचा उजेड पाण्यातून छतावर हलत होता. मासे तेवढे अजून सोडायचे होते. ती हातातली पिशवी खाली न ठेवता उभी राहिली. मग ओट्याकडे जाऊन पलीकडून बघू लागली. पाण्यातून तिचा चेहरा बारक्याला दिसला, थोडा वाकडा, होता त्यापेक्षा जवळ. छान झालंय, ती म्हणाली. जेवताना तिने त्याला न विचारता वाढलं. चार महिन्यांत पहिल्यांदा.

४

टाकीतलं पाणी रोज थोडं उडून जातं. मीठ मागे राहतं, पाणी तेवढं जातं. म्हणून काचेवर चिकटपट्टीची खूण करायची, आणि कमी होईल तेवढं गोडं पाणी रोज वरून घालायचं. बारक्या दहा वर्षांचा असताना दादाने त्याला हे काम दिलं होतं, दुकानातल्या सगळ्या टाक्यांचं. तांब्या घेऊन तो स्टुलावर चढायचा, आणि दादा मागून त्याची चड्डी धरून ठेवायचा, आत पडू नये म्हणून.

सोमवारी, पाणी भरल्याच्या तिसऱ्या दिवशी, अकरा वाजता पाणी पट्टीच्या चार बोटं खाली होतं. एवढं एका दिवसात उडत नाही, ही गळती. त्याने वर्तमानपत्राचा कागद सगळ्या सांध्यांवर दाबून पाहिला. कागद कोरडा. फरशी कोरडी. दुकान उघडायची वेळ झाली होती, तो तसाच निघाला. संध्याकाळी पाचला आला, तर पाणी पट्टीच्या वर दोन बोटं.

टिचकीने घातलं म्हणावं तर ती शेजारणीकडे. वहिनी अजून यायची होती. त्याने काट्याने खारेपणा मोजला. कुणी नळाचं पाणी ओतलं असतं तर काटा उतरला असता. काटा जागचा हलला नव्हता. जे काही आत आलं होतं ते तेवढंच खारट होतं.

बारक्या स्टुलावर बसून विचार करू लागला, ज्याची त्याला फारशी सवय नव्हती. पट्टी सरकली असेल. पण पट्टी त्यानेच लावली होती, काचेवरच्या एका बारीक ओरखड्याला लागून, आणि ओरखडा तिथेच होता. पंपाने पाणी एका अंगाला ढकललं असेल. त्याने पंप बंद केला. पाणी तेवढंच राहिलं. पण पंपाचं गुणगुणणं थांबल्यावर दुसरा एक आवाज ऐकू आला, इतका बारीक की श्वास धरावा लागला. दगडांच्या फटींत पाणी शिरत होतं आणि परत ओढलं जात होतं. थांबून थांबून. घाई नसल्यासारखं.

त्याने पंप पुन्हा सुरू केला.

५

मंगळवारी पाणी सगळ्यात खाली गेलं ते बाराला दहा कमी असताना. बुधवारी बारा चाळीसला. गुरुवारी दीड वाजता.

बारक्याला बेरीज धड यायची नाही, पण भरती-ओहोटी रोज किती पुढे सरकते हे त्याच्या अंगात होतं. हे त्याला दादाने वहीवर नाही शिकवलं. पायरीवरची ओली रेघ दाखवून शिकवलं. काल इथे होती, आज बघ कुठे आहे ती.

त्याला भीती वाटायला हवी होती. वाटली ती भलतीच गोष्ट: आनंद. दुकान अर्धा दिवस बंद ठेवून तो टाकीपुढे बसायला लागला. पाणी चढायला लागलं की त्याला दादाच्या खांद्यावर बसून पाहिलेली दुपार आठवायची, दादाच्या केसांचा खारट वास, आणि लाट आली की दादा मुद्दाम डगमगायचा ते. त्याने कुणाला काही सांगितलं नाही. तांब्याने पाणी घालणं सोडून दिलं.

दुसऱ्या आठवड्यात काचांवर तपकिरी थर धरला. नव्या टाकीत धरतोच. बारक्या दुकानातून ब्रश घेऊन आला, तर काच पुसलेली होती. सगळी नव्हे, एकच पट्टा. खालून वर, जरा तिरका. आणि आतून. दादा ब्रश वापरायचा नाही. टाकीवर वाकून हात आत घालायचा आणि चार बोटं जुळवून खालून वर ओढायचा. पट्टा सुरू होत होता तिथे, तळाशी, बोटांच्या टोकांच्या खुणा स्पष्ट होत्या. तीन लांब, एक आखूड. करंगळीशेजारच्या बोटाचं वरचं पेर दादाने पहिली टाकी जोडताना काचेला दिलं होतं.

बारक्या वळला तर वहिनी मागे उभी. ती किती वेळ उभी होती कोण जाणे.

‘‘हे मिठाचं पाणी आहे ना?’’ तिने विचारलं.

‘‘नाही.’’

ती आता कानाखाली मारणार, असं त्याला वाटलं. मारली असती तर बरं झालं असतं. तिने पुढे होऊन त्या आखूड खुणेवर बाहेरून बोट ठेवलं, आणि मग शांतपणे एक खुर्ची ओढून टाकीपुढे मांडली.

६

त्यानंतर वहिनी कामावर गेली नाही. बरं नाही असा निरोप तिने शेजारणीबरोबर धाडला, आणि खरं म्हणजे तिला इतकं बरं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. ती केस विंचरू लागली, गुणगुणू लागली. जुने किस्से काढू लागली. दादा पहिल्यांदा तिच्या माहेरी आला होता तो टाकीची गळती काढायला, आणि गळती राहिली बाजूला, अख्खी काचच निखळली. तिच्या वडिलांच्या गादीवर मासे तडफडतायत आणि हा पठ्ठ्या त्यांना टोपीत गोळा करत तिच्याकडे बघतोय. बारक्या पोट धरून हसला, टिचकीही हसली. तिघं टाकीसमोर बसून जेवत. घर पुन्हा घरासारखं झालं होतं, आणि म्हणूनच ज्या गोष्टींकडे बघायला हवं होतं त्यांच्याकडे बारक्याने बघितलं नाही. वहिनीची उजवी बाही खांद्यापर्यंत ओली असायची. टाकीचं झाकण भिंतीला टेकवलेलं असायचं. टिचकीच्या वेणीचं टोक मीठ सुकून पांढरं पडलेलं. आणि पाणी रोज थोडं जास्त चढत होतं. दोनाची चार बोटं झाली, चाराची सहा. अमावास्या जवळ येत चालली होती.

शुक्रवारी दुपारी भरतीच्या वेळी तो घरी आला. वहिनी खुर्चीत बसली होती, चेहरा हसरा, डोळे टाकीकडे. टिचकी टाकीच्या काठावर बसली होती, दोन्ही पाय आत सोडून. काठ दोन्ही हातांनी धरला होता, आणि हात ताठ होते, कुणी खालून ओढत असावं तसे.

बारक्याने तिला बगलांत धरून उचललं. ती सहज आली नाही. मग एकदम आली, आणि दोघं मागे फरशीवर आपटली. तिचा फ्रॉक छातीपर्यंत ओला होता.

‘‘काका,’’ ती चिडून म्हणाली, रंगलेला खेळ मोडल्यासारखी, ‘‘आत पाय टेकत नाहीत.’’

बारक्याने काचेतून बघितलं. वाळू दिसत होती. दगड दिसत होते. दोन फुटांची टाकी. टिचकी आत उभी राहिली तर पाणी तिच्या कमरेच्या वर जाणार नाही. हात घातला असता तर खांदा बुडायच्या आत बोटं वाळूला लागली असती.

त्याने हात घातला नाही.

७

दुसऱ्या दिवशी दुपारी उधाणाची भरती होती. सकाळी ओहोटी पुरी झाली तशी बारक्याने पाइप, कॅन आणि दुकानातली दोन रिकामी पिंपं आणून बाहेरच्या खोलीत मांडली. वहिनी त्याच्या आणि टाकीच्या मधे येऊन उभी राहिली.

‘‘शपथ मोडून आणलंस त्याला,’’ ती म्हणाली. ‘‘आता नेतोस कुणाला विचारून?’’

‘‘वहिनी, मी एवढा घोडा झालो तरी दादाने मला तिसऱ्या पायरीच्या खाली जाऊ दिलं नाही. तो टिचकीला आत पाय सोडू देईल?’’

ती खालच्या आवाजात म्हणाली, ‘‘हात त्याचाच आहे, बारक्या. मी धरलाय.’’

‘‘ओढतो का?’’

तिने ओली बाही मनगटाच्या खालपर्यंत ओढून घेतली आणि बाजूला झाली. एवढंच म्हणाली, की मोरीत सोडायचं नाही, जिथून आणलंस तिथे नेऊन सोड. बारक्याने हो म्हटलं. मग ती स्वयंपाकघरात जाऊन पलीकडच्या काचेशी उभी राहिली. टिचकीला त्याने कोपऱ्यात पलंगावर बसवलं, पाटी-पेन्सिल दिली, हलायचं नाही म्हणून बजावलं.

पाइपाचं एक टोक टाकीत टाकून दुसरं त्याने तोंडाने ओढलं. खारट घोट घशात गेला. पाणी वाहू लागलं. कॅन भरला की पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबायचा, कॅन पिंपात ओतायचा, परत खाली ठेवायचा आणि अंगठा उचलायचा. पाच झाले. दहा झाले. सतरावा ओतून त्याने वर बघितलं, तर टाकी अजून अर्धी होती. सतराच आत गेले होते. त्याने मोजणं बंद केलं. पिंपं भरली तेव्हा घरातल्या बादल्या घेतल्या, मग पातेली.

पाणी वीतभर उरलं तेव्हा त्याला तो हात दिसला.

कुणीतरी टाकीवर वाकून आत घातल्यासारखा, बोटं खाली. पण पाण्यात होता तेवढाच होता. पाण्याच्या वर काहीच नव्हतं, नुसती हवा, ओली काच आणि तिच्यापलीकडे वहिनीचा चेहरा. पाणी उतरत होतं तसा तो वरून संपत होता. दुमडलेल्या बाहीची कड गेली. मग मनगट. बारक्याने नजर काढली नाही, त्याला काढता आली नाही. हा हात त्याच्या ओळखीचा होता, नखांसकट. याच हाताने त्याचं नाक पुसलं होतं.

काचेपलीकडून वहिनी काहीतरी म्हणाली. ऐकू आलं नाही, ओठ दिसले. थांब.

त्याने अंगठा दाबला.

वाळूवर चार बोटं पाणी उरलं होतं. त्यात बोटं काचेच्या तळाशी हळूहळू इकडून तिकडे सरकत होती, अंधारात कुणी चप्पल चाचपतं तशी. वहिनीच्या बाजूला गेली. तिथे थोडी थांबली. मग वळली आणि त्याच्या बाजूला आली, त्याच्या चेहऱ्यासमोर. बारक्याचा अंगठा पाण्याच्या दाबाने दुखू लागला. एवढं राहू दे, त्याला वाटलं. वाटीभर. त्याने काय बिघडतंय. झाकण घालू, कुलूप लावू, आपण तिघंच तर आहोत.

मागे फरशीवर काहीतरी करकरलं. टिचकी पलंगावरून उतरली होती आणि दोन्ही हातांनी स्टूल ओढत टाकीकडे येत होती, डोळे टाकीवरून न काढता.

बोटं थांबली. आवाजाच्या दिशेला वळली.

बारक्याने मोकळ्या हाताने टिचकीला धरून आपल्या कुशीत ओढलं आणि तिचं तोंड छातीशी दाबलं. ती हातपाय झाडत होती. त्याने तोंड काचेजवळ नेलं, इतकं की काचेवर वाफ धरली.

‘‘दादा, या दोघी आहेत माझ्याकडे,’’ तो म्हणाला. ‘‘तू जा आता.’’

आणि त्याने अंगठा उचलला.